अहवालात जळालेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि खरं सांगायचं तर आता मी दमलो आहे. पळसदरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत उंबरवाडी नावाची ठाकर आदिवासींची बावीस घरांची वाडी आहे. तिथे अंबूबाईच्या बकऱ्यांच्या गोठ्याला मी लावलेला आहे. बिजागरीच्या जागी मला सायकलच्या टायरचे दोन तुकडे ठोकलेत आणि कडीच्या जागी सुंभाची दोरी आहे. बकऱ्या माझ्यावर अंग घासतात, कोंबड्या माझ्या सावलीत उकरतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, हा कुठल्या तरी टाकीचा पत्रा असावा. मी कोणाला काही सांगायला जात नाही.

पण मी विमानाचा दरवाजा आहे. शेपटीच्या बाजूला प्रवाशांचं सामान ठेवतात ना, त्या खोलीचा. आणि सरकारी अहवाल उघडून बघाल तर त्यात लिहिलं आहे की मी साठ वर्षांपूर्वीच जळून गेलो.

माझा जन्म फार लांबच्या देशात एका कारखान्यात झाला. मी हलका, चकचकीत, थोडा पोटाला फुगीर होतो, कारण विमानाचं अंगच तसं गोल असतं. माझ्या कडेने रिबिटांच्या दोन ओळी होत्या आणि खालच्या कोपऱ्यात पाच आकडी नंबर ठोकलेला होता. मला एक मूठ होती. ती फिरवली की आतला लोखंडी आकडा चौकटीत जाऊन बसायचा. मूठ फिरली म्हणजे आकडा बसला असं सगळ्यांना वाटायचं, आणि पहिली काही वर्षं ते खरंही होतं.

पुढे मी या देशात आलो. मद्रास, बंगळूर, मुंबई असा माझा फिरता संसार होता. आंब्याच्या पेट्या, वधूपित्यांच्या ट्रंका, पुढाऱ्यांच्या बॅगा, सगळं माझ्यासमोरून आत गेलं. प्रवाशांसाठी जो दरवाजा होता त्याच्यापाशी हसून नमस्कार करायला माणसं उभी असत. मला हमाल लाथेने लावत. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार त्या आकड्याबद्दल आहे. दिवसाला चार वेळा फिरून फिरून तो झिजला होता. एका मेकॅनिकने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." तो पुढचा आठवडा काही आला नाही.

एक माणूस मात्र मला कधी विसरला नाही. ते कॅप्टन सबनीस. उड्डाणाआधी ते विमानाभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक दरवाज्यावर तळहाताने दोन थापा मारत. तशा मलाही मारत. नुसत्या नाहीत, मारल्यावर जरा ओढूनही बघत. बाकीचे वैमानिक त्यांना हसायचे. मला त्या दोन थापा फार आवडायच्या.

ती जुलै महिन्यातली सकाळ होती. कॅप्टननी थापा मारल्या, ओढून पाहिलं, आणि ते वर जाऊन बसले. पंखे फिरू लागले, आणि तेवढ्यात एक ट्रंक उशिरा आली. हमालांनी मला परत उघडलं, ट्रंक आत ढकलली, आणि मला लावलं. मूठ फिरली. आकडा अर्धाच बसला. मला ते कळलं, पण मी दरवाजा, मी ओरडणार कसा? आणि आता थापा मारायला खाली कोणी नव्हतं.

घाट ओलांडता ओलांडता विमान मुंबईकडे उतरायला लागलं तेव्हा चहूकडे ढग होते. एका हिसक्यात आकडा सुटला आणि वाऱ्याने मला मुळापासून उपटलं. जाता जाता मी शेपटीच्या आडव्या पंखावर आदळलो. माझ्या कडेला तेव्हाचा पोचा अजून आहे, आणि त्या पोच्यात शेपटीवरच्या पट्ट्याचा लाल रंग बसलेला आहे. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. मी खाली पडत होतो. विमान दीड कोस पुढे जाऊन कड्यावर आपटलं. त्यात अठ्ठावीस माणसं होती, एकही वाचलं नाही.

मी पडलो तो कारवीच्या रानात. तास दोन तासांनी तिथे एक ठाकर बाप आणि त्याची दहा वर्षांची लेक आली. बाप म्हणजे बुधाजी, लेक म्हणजे अंबू. दोघं कुर्डूची भाजी खुडायला निघाली होती. मला पाहून अंबू दोन पावलं मागे सरली.

"बा, ह्ये काय हाय रं?"

बुधाजीने मला चहूबाजूंनी पाहिलं, काठीने वाजवलं. त्यांच्या झोपडीला तेव्हा कारवीची ताटी होती आणि आठच दिवसांपूर्वी बिबट्याने ती मोडून आतलं करडू नेलं होतं. "डोंगरानं दार दिलंय, पोरी," तो म्हणाला. तो अगदी मनापासून बोलत होता. विमान पडल्याचं त्याला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

त्या वाडीत एक रीत आहे, मित्रांनो. रानातून मोठं काही उचललं, मधाचं पोळं असो की वाळका साग असो, तर त्याच जागी डोंगराचा वाटा ठेवायचा. घेतलेल्या वस्तूचाच एक तुकडा तिथे ठेवायचा आणि वर दगड रचायचे. मग त्या वाटेने जाणाऱ्याने आणखी एक दगड टाकायचा. बुधाजीने माझी लोंबकळणारी मूठ आकड्यासकट उपसून काढली, जमिनीवर ठेवली आणि वर दगड रचले. शेवटचा दगड अंबूने ठेवला. मग त्याने मला डोक्यावर घेतलं, अंबू माझ्याखालून चालू लागली, आणि पावसात दोघं कोरडी घरी पोहोचली. पडल्यावर इतक्या लवकर कोणाच्या उपयोगी पडेन असं मला वाटलं नव्हतं.

संध्याकाळी खबर आली. दुसऱ्या दिवसापासून वाडीतले बाप्ये कड्यावर गेले आणि तीन दिवस त्यांनी डोल्या करून माणसं खाली आणली. बुधाजीही गेला. तो परत आला तेव्हा जेवला नाही. या कामाबद्दल त्यांना कोणी शाबासकी दिली नाही. उलट चौथ्या दिवशी पोलीस आले. कोणाची अंगठी सापडत नव्हती, कोणाचं घड्याळ. त्यांनी वाडीतल्या दोघांना बडवलं आणि घरं उपसली.

बुधाजीच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय उचलून आणलंय. त्याने अंबूला हाताशी घेतलं आणि दोघांनी मिळून मला शेणामातीने लिंपून टाकलं. हवालदार आला, मलाच टेकून बसला आणि घटाघटा पाणी प्याला. नंतर एक मोठा साहेब येऊन विचारून गेला, "वाटेत दुसरीकडे कुठे विमानाचा काही तुकडा सापडला का?" सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. बुधाजीनेही हलवली. बडवलेल्या दोघांच्या पाठी त्याने पाहिल्या होत्या. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, ते मला सांगू नका, मनातच ठेवा.

अशा रीतीने अहवालात मी जळून गेलो. माझ्यावाचून चौकशी झाली. वैमानिकाने ढगात वेळेआधी उंची सोडली, असा निकाल लागला. काही जुन्या वैमानिकांनी आरडाओरडा केला की शेपूट आधीच मोडली असणार, हा माणूस अशी चूक करणार नाही. पण पुरावा कुठे होता? तो वाडीत झोपडीला लावलेला होता आणि रोज पहाटे बुधाजी वाकून त्यातून बाहेर पडत होता.

मी त्या घराची चाकरी केली. बिबट्या परत दोनदा आला आणि माझ्यावर नखं ओढून गेला. अंबूचं लग्न झालं, घरजावई आला, मुलं झाली. बुधाजी गेला तेव्हा तिला जवळ बोलावून एवढंच म्हणाला, "दाराचं कुनाला सांगू नको गं. मला चोर म्हनतील." तिने बापाच्या हातावर हात ठेवला. त्या दिवसापासून दर दिवाळीला ती मला नव्याने लिंपायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

पुढे घरकुल आलं, सिमेंटची भिंत आली, लोखंडी दरवाजा आला, आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. लिंपणं मात्र चालू राहिलं. मग एका दिवाळीआधी अंबूबाई ओट्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. त्या वर्षी ते राहून गेलं. बकऱ्यांना मिठाची भूक असते. त्यांनी चाटून चाटून माझी माती काढली आणि साठ वर्षांनी माझा नंबर उजेडात आला. मला स्वतःलाच तो ओळखीचा वाटेना.

आता रोहिणीबाईंबद्दल सांगतो. रोहिणी सबनीस म्हणजे त्या कॅप्टनची मुलगी. अपघात झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. गेली वीस वर्षं त्या दर जुलैत एकदा पुण्याहून यायच्या, वाडीवरून वर जायच्या, कड्याशी फुलं ठेवायच्या आणि न बोलता परत जायच्या. त्या दिवाळीनंतरच्या जुलैत त्यांचे गुडघे चालेनात. अंबूबाईची नात किरण वाडीची आशासेविका आहे. तिने त्यांना वाटेतच धाप लागलेली पाहिली, हाताला धरून घरी आणलं आणि रक्तदाब मोजला.

"ताई, आता वर जायचं नाय हां. गुमान बसा इथं," किरण म्हणाली.

अंबूबाईने कोरा चहा दिला. पाऊस होता म्हणून बकऱ्या आत होत्या आणि रोहिणीबाई ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या बकऱ्यांकडे बघायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. उठल्या, पावसातच गोठ्याशी आल्या. त्यांनी माझ्या रिबिटांवरून बोट फिरवलं, माझी फुगीर पाठ चाचपली आणि नंबराशी येऊन तो पुटपुटत दोनदा वाचला.

"अंबूबाई, हा पत्रा तुम्हाला कुठे मिळाला?"

"भंगारवाल्याकडून घेतला. कर्जतला," अंबूबाई म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की किरणनेही वर पाहिलं.

"कधी?"

"झाली लई वर्सं. मला काय ठावं?"

मित्रांनो, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. ती खोटं बोलत होती म्हणून नव्हे. ती बापाला दिलेला शब्द पाळत होती, हे मला ठाऊक होतं. पण समोर उभी होती तीही बापासाठीच आली होती.

रोहिणीबाई परत ओट्यावर बसल्या. त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेले चौकशी अहवालाचे जुने कागद काढले आणि त्यातला नंबर दाखवला. तोच पाच आकडी नंबर. त्या कोणावर चिडल्या नाहीत, वाद घातला नाही. फार थकलेल्या आवाजात बोलत राहिल्या.

"यात लिहिलंय की हा दरवाजा आगीत जळाला. पण हा जळलेला नाही. तो भंगारात आला असेल तर कड्यावरूनच आला असेल, मग माझं काही म्हणणं नाही. पण तो कड्याच्या अलीकडे कुठे सापडला असेल, तर तो आधी सुटला असणार. मग माझ्या बाबांनी विमान पाडलं नाही." त्यांनी कागद मांडीवर ठेवले. "शाळेत मुली मला म्हणायच्या, हिच्या वडलांनी सत्तावीस माणसं मारली. माझ्या आईला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नसे. विधवा म्हणून तर नसतंच बोलावलं, पण तिच्याकडे कोणी येतही नसे. ती वारली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, तू तरी विसरू नको."

 अंबूबाई चुलीपुढे गेली, लाकूड सारलं, उगाच परत ओढलं. किरण तिच्या मागोमाग आत गेली.

"आजे, कर्जतचा भंगारवाला खोटा हाय ना?"

"गप गं."

"दार तर बुधाजी पणज्याच्या झोपडीचं हाय. त्यानं काय केलं व्हतं?"

"काय केलं नाय! बिबट्या येत व्हता म्हनून दार आनलं. चोरी नाय केली त्यानं." अंबूबाईने हातातलं लाकूड खाली टाकलं. "त्याची आन हाय माज्यावर. आता म्या सांगितलं तर बाला चोर म्हनतील. नाय सांगितलं तर तिचा बा खुनी. म्या काय करू, सांग तूच."

किरण तिच्याशेजारी चुलीपुढे बसली.   दोन म्हाताऱ्या लेकी होत्या आणि दोघींना आपापल्या बापाचं नाव सांभाळायचं होतं.

 पाऊस उघडला. अंबूबाई बाहेर आली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि दारात उभी राहिली. रोहिणीबाई कागद आवरत होत्या.

"तुमचे गुडघे अर्ध्या तासाची वाट चालतील का? चढ नाय. सपाटी हाय."

"कुठे जायचं?"

"जिथं दार पडलं व्हतं तिथं. म्या बाच्या संगं व्हते."

मी गोठ्यालाच होतो, त्यामुळे तिथलं काही मी डोळ्यांनी पाहिलं नाही. किरणने नंतर बकऱ्यांना पाला टाकता टाकता आईला सगळं सांगितलं ते ऐकलं. कारवीच्या रानात ती दगडांची रास आता कमरेइतकी झाली होती. साठ वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याने दगड टाकले होते, कशावर टाकतोय हे ठाऊक नसताना. मोडून सांधलेल्या मनगटाने अंबूबाई एकेक दगड बाजूला करू लागली. तिने किरणला हात लावू दिला नाही. रोहिणीबाई खाली बसल्या आणि दोघी मिळून दगड उचलू लागल्या. तळाशी माझी मूठ होती. आकडा गंजला होता, पण तुटलेला नव्हता. टोकाला झिजून गुळगुळीत झालेला होता, अगदी तेव्हा होता तसाच.

"हा डोंगराचा वाटा. बानं ठेवला व्हता," अंबूबाई म्हणाली. "चोर आसता तर ठेवला आसता का, ताई?"

रोहिणीबाई तो आकडा हातात धरून रडल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या बांनी इथे हा ठेवला नसता तर आज माझ्या हातात काहीच नसतं."

आकडा न्यायचा तर डोंगराला वाटा द्यावा लागणार होता. ते कोणी सांगण्याआधीच त्यांनी पर्स उघडली. वडलांच्या गणवेशावरचा पितळी पंखांचा बिल्ला त्या दर वर्षी बरोबर आणत आणि परत नेत. तो त्यांनी आकड्याच्या जागी ठेवला. अंबूबाईने वर पहिला दगड ठेवला, रोहिणीबाईंनी दुसरा.

परत आल्यावर रोहिणीबाईंनी ओट्यावर बसून, चौकशी पुन्हा करावी म्हणून सरकारला अर्ज लिहिला. किरणने तो मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की उंबरवाडीचे बुधाजी यांनी हा दरवाजा आणि त्याचा आकडा सापडल्या जागेच्या खुणेसह साठ वर्षं सांभाळला. अंबूबाईने ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि अंगठा दिला.

तुम्हाला वाटेल, मग निकाल बदलला असेल. नाही, मित्रांनो. चार महिन्यांनी दोन साहेब गाडीतून आले. त्यांनी माझे फोटो काढले. एकजण म्हणाला, या पोच्यातला लाल रंग शेपटीचाच आहे. दुसरा म्हणाला, कशावरून, इथली मातीही लालच आहे. गोठ्यासमोर उभे राहून दोघांनी अर्धा तास वाद घातला. पुढे कागद आला की मूळ फाईल सापडत नसल्याने प्रकरण पुन्हा उघडता येत नाही. मी त्यांच्यासमोर धडधडीत उभा होतो, पण मला कोणी विचारलं नाही.

रोहिणीबाईंना मात्र त्या कागदाचं फारसं काही वाटलं नाही. त्या तो दाखवायला आल्या तेव्हा निघताना गोठ्याशी थांबल्या. त्यांनी माझ्यावर तळहाताने दोन थापा मारल्या आणि जरा ओढून पाहिलं. "बाबा घराच्या दारालाही असंच करायचे," त्या अंबूबाईला म्हणाल्या. इतक्या वर्षांनी त्या थापा अंगावर पडल्या आणि मला कळलं की मी किती दमलो होतो.

म्हणून सांगतो. तुम्ही दार लावाल तेव्हा मूठ फिरली एवढ्यावर जाऊ नका, आकडा बसला का ते ओढून पाहा. झिजलेली वस्तू पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आणि जे तुम्ही पाहिलं आहे, ते ऐकायला माणूस जिवंत आहे तोवर सांगून टाका. भीती कोणाला चुकत नाही, बुधाजीलाही चुकली नाही, पण त्याने निदान खूण ठेवली होती.

अंबूबाईने मला परत लिंपलं नाही. आता संध्याकाळी ती बकऱ्या आत घेते, मला ओढून घेते, सुंभाची दोरी खुंटीला गुंडाळते. मग वळते, चार पावलं जाते, आणि रोज न चुकता परत येऊन दोरी एकदा ओढून बघते. त्या दिवशी ट्रंक आत गेल्यावर कोणी एवढंच केलं असतं, तर पुरलं असतं.